स्टेपनी: वेल्समधल्या एका रस्त्याचं नाव आपल्या डिकीत कसं आलं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज बराचसा तसाच ठेवलाय, अडखळणं तेवढं काढून टाकलंय.

आजचा विषय तुमच्या गाडीच्या डिकीत आहे. पिशव्या, छत्री, जुनी सतरंजी, पाण्याच्या बाटल्या असं सगळं बाजूला केलं, खालचं कापड उचललं, की एक चाक दिसतं. त्याला आपण स्टेपनी म्हणतो. टॅक्सीवाला म्हणतो, ट्रकवाला म्हणतो, शाळेतलं पोरसुद्धा म्हणतं. एखाद्या ग्रुपमध्ये कुणाला नुसतंच जास्तीचा गडी म्हणून धरलं, तर तो रागावून विचारतो, “मी काय स्टेपनी आहे का?” इतका हा शब्द आपला झालाय.

पण हाच शब्द आज इंग्लंडमधल्या एखाद्या माणसासमोर उच्चारा, त्याला बहुतेक काही कळणार नाही. फार तर लंडनच्या पूर्व भागातल्या स्टेपनी नावाच्या वस्तीबद्दल बोलताय असं वाटेल त्याला. म्हणजे शब्द इंग्रजांच्या देशातून आला, तिकडे विसरला गेला आणि आपल्याकडे टिकला. ही गोष्ट नेमकी काय आहे, ते आज बघू. आणि शेवटी थोडे हातही काळे करू, कारण आजच्या विषयात इतिहास आणि पान्हा यांना वेगळं ठेवता येत नाही.

आधी हवा आली, मग पंक्चर

चाक फार जुनं, हे आपल्याला माहीत आहे. बैलगाडीचं चाक घ्या. लाकडी आरे आणि वरून लोखंडी धाव. ते झिजतं, मोडतं, पण पंक्चर होत नाही. पंक्चर व्हायचं तर आधी आत हवा हवी, आणि हवा धरून ठेवायची तर रबर हवं.

रबराची अडचण अशी होती, की ते उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक होऊन तडकायचं. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर या माणसाला गंधक आणि उष्णता यांचा योग्य मेळ सापडला. या प्रक्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. आपल्या पंक्चरवाल्याच्या पाटीवरचं ‘व्हल्कनायझिंग’ तिथूनच आलंय. १८४४ साली गुडइयरला पेटंट मिळालं. १८६० साली तो वारला तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. त्याच्या नावाची टायर कंपनी निघाली १८९८ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी, आणि त्याच्या घराण्याचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

हवा भरलेल्या टायरची पहिली कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाची. त्याने १८४५ साली पेटंट घेतलं आणि घोडागाडीला हवेची चाकं लावून दाखवली. गाडी हलकी चालायची, आवाज कमी यायचा. पण रबर महाग होतं, त्या वेगाला गरजही नव्हती. लोक विसरून गेले.

मग १८८८. गाव बेलफास्ट. जॉन बॉइड डनलॉप नावाचा जनावरांचा डॉक्टर. त्याच्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलला भरीव रबराचे टायर होते आणि दगडी रस्त्यावर पोराची हाडं खिळखिळी व्हायची. डनलॉपने रबराच्या पत्र्याची नळी केली, हवा भरली, कापडाने चाकाला गुंडाळली. थॉमसनबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. पुढच्याच वर्षी बेलफास्टच्या सायकल शर्यतीत विली ह्यूम हा स्वार असे टायर लावून उतरला आणि जिंकला. तिथून गाडी सुटली. गंमत म्हणजे १८९० साली डनलॉपचं पेटंट रद्द झालं, कारण थॉमसनचं जुनं पेटंट कुणीतरी शोधून काढलं. तोवर नाव मात्र डनलॉपचं झालेलं होतं.

आता बघा, डनलॉपचा टायर चाकाला चिकटवलेला असायचा. खिळा लागला की चिकटवलेलं सोडवा, आतली नळी काढा, ठिगळ लावा, परत चिकटवा, रात्रभर वाळत ठेवा. १८८९ साली फ्रान्समधल्या क्लेर्मों-फेराँ गावी मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात असाच एक सायकलस्वार पंक्चर घेऊन आला. दुरुस्तीला तास गेले, वाळायला रात्र गेली, आणि सकाळी एदुआर मिशेलिनने चालवून बघितलं तर थोड्याच अंतरात टायर पुन्हा बसला. त्याने दोन गोष्टी ओळखल्या. हवेचा टायर हेच पुढचं भविष्य आहे, आणि तो सहज निघाला पाहिजे. १८९१ साली त्यांनी निघणाऱ्या टायरचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत शार्ल तेराँ याने तो टायर लावून जिंकली. पुढच्या वर्षी मिशेलिन बंधूंनी स्वतः शर्यत भरवली आणि वाटेत मुद्दाम खिळे टाकले! लोकांना पंक्चर व्हावं आणि ते पटकन काढता येतं हे सगळ्यांना दिसावं, एवढाच हेतू. जाहिरातीचा इतका टोकदार मार्ग आजही कुणाला सुचणार नाही.

१८९५ साली हेच बंधू पॅरिस-बोर्दो-पॅरिस या मोटारींच्या शर्यतीत हवेचे टायर लावून उतरले. सुमारे बाराशे किलोमीटर. पंक्चरं मोजता मोजता पुरेवाट झाली. बावीस ट्यूब संपल्या असं सांगतात. जिंकणं दूरच, पण मोटार हवेवर चालू शकते हे त्यांनी दाखवलं.

मऊ प्रवासाची किंमत

इथे जरा थांबू. कारण टायरचा इतिहास सांगताना शोधक आणि शर्यती एवढंच सांगितलं, तर निम्मी गोष्ट लपवल्यासारखी होते.

डनलॉपनंतर युरोप-अमेरिकेत सायकलचं वेड आलं, मग मोटारी आल्या. रबर हवं होतं, आणि तेव्हा ते जंगलातूनच यायचं. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या खोऱ्यातून आणि आफ्रिकेत काँगोमधून. काँगो १८८५ पासून बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होता. देशाची नाही, राजाची. प्रत्येक गावाला रबराचा वाटा ठरवून दिलेला. पुरुष जंगलात जाऊन वेलींचा चीक गोळा करणार, आणि तोवर त्यांच्या बायका ओलीस. वाटा कमी पडला की फटके, गोळ्या, जाळपोळ. शिपायाने काडतूस वाया घालवलं नाही याचा पुरावा म्हणून मेलेल्याचा हात तोडून आणायचा, आणि कधी कधी जिवंत माणसाचाही.

हे जगाला कळलं कसं? एडमंड मोरेल हा लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनीतला कारकून. कामानिमित्त तो अँटवर्प बंदरात जायचा. काँगोहून येणारी जहाजं रबराने भरलेली असायची आणि परत जाताना त्यांत व्यापाराचा माल जवळपास नसायचाच. बंदुका आणि दारूगोळा मात्र असायचा. त्याने सरळ हिशेब केला. ज्या देशातून इतका माल येतो आणि बदल्यात काहीच जात नाही, तिथे व्यापार नसून वेठबिगारी चालली असली पाहिजे. पुढे १९०४ साली ब्रिटिश अधिकारी रॉजर केसमेंट याचा अहवाल आला, मिशनरी ॲलिस सीली हॅरिस यांनी काढलेली छायाचित्रं जगभर फिरली. १९०८ साली लिओपोल्डला काँगो सोडावा लागला. तोवर किती माणसं गेली याचा हिशेब आजही नीट लागत नाही, पण आकडा लाखांत जातो याबद्दल वाद नाही.

दरम्यान १८७६ साली हेन्री विकमने ब्राझीलमधून रबराच्या झाडाच्या सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात आणल्या होत्या. त्यांतली थोडीच रुजली, पण ती रोपं सिलोन आणि मलायात गेली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या मळ्यांचं रबर बाजारात आलं. आपल्याकडे १९०२ साली केरळात पेरियारकाठी थट्टेकाड इथे रबराचा मळा लागला. आजही रबर म्हटलं की आपल्या देशात आधी केरळ आठवतं आणि रबर बोर्डाचं मुख्यालय कोट्टायमलाच आहे. महाराष्ट्रातल्या हायवेवर रात्री अकरा वाजता उघडं असलेलं टायरचं दुकान आणि आत मल्याळी मालक, हे दृश्य ज्यांनी खूप प्रवास केलाय त्यांना नवं नाही.

लानेल्लीचे दोन भाऊ

आता मूळ गोष्टीकडे. १९००च्या आसपास मोटार चालवणं म्हणजे काय होतं, ते डोळ्यांसमोर आणा. रस्ते मातीचे आणि खडीचे. त्यावर घोड्यांच्या नालांचे गळून पडलेले खिळे. टायर पांढुरके, कारण रबरात काजळी मिसळून ते चिवट आणि काळं करायची रीत अजून रुळायची होती. म्हणून तर मिशेलिनचा तो गुबगुबीत पुतळा आजही पांढरा आहे! असा टायर काही हजार किलोमीटर चालला तर नशीब.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तेव्हा चाक निघायचं नाही. आज आपण चार-पाच नट काढतो आणि अख्खं चाक बदलतो. तेव्हाचं लाकडी आऱ्यांचं चाक गाडीला पक्कं असायचं. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला बसायचं, लोखंडी टॉमी घालून टायर रिमवरून उचकटायचा, ट्यूब काढायची, ठिगळ लावायचं, परत बसवायचं आणि हाताच्या पंपाने हवा भरायची. पावसात, चिखलात, अंधारात. श्रीमंत मालक गाडीत बसून राहायचा आणि ड्रायव्हरची बोटं सोलून निघायची.

वेल्सच्या दक्षिणेला लानेल्ली नावाचं गाव आहे. पत्र्याच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध, इतकं की त्याला ‘टिनोपोलिस’ असं टोपणनाव पडलेलं. तिथे स्टेपनी स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर थॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांचं दुकान होतं. १९०४ साली त्यांनी एक साधी युक्ती काढली. चाक निघत नाही ना? मग काढूच नका. एक जास्तीची गोल रिम घ्या, तिला आरे नाहीत, मध्ये तुंबा नाही, नुसतं कडं. त्यावर हवा भरलेला टायर आधीच चढवून ठेवा. पंक्चर झालं की हे कडं पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला चिमट्यांनी घट्ट आवळायचं आणि निघायचं. बसलेला टायर तसाच राहिला, वजन आता शेजारच्या टायरवर. घरी किंवा गॅरेजला पोचलात की निवांत दुरुस्ती करा.

रस्त्याच्या नावावरून त्यांनी त्याला ‘स्टेपनी स्पेअर व्हील’ म्हटलं. बस्स! एवढीच व्युत्पत्ती. लंडनच्या वस्तीचा संबंध नाही, कुणा शोधकाचं आडनावही नाही. एका दुकानाचा पत्ता.

हे चाक झपाट्याने खपलं. लंडनच्या टॅक्सींना लागलं, परदेशात विक्री सुरू झाली, साम्राज्याच्या जहाजांबरोबर ते मुंबई-कलकत्त्यालाही पोचलं. आपल्याकडे मोटार आणि स्टेपनी जवळजवळ एकत्रच आल्या. ज्या वयात भाषा मोटारीचे शब्द शिकत होती, त्याच वयात तिने हा शब्द उचलला. क्लच, गिअर, हॉर्न, स्टेपनी. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज भाषेत जास्तीच्या चाकाला ‘एस्तेपे’ म्हणतात, तेही याच स्टेपनीचं रूप. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर आणि बांगलादेशातही शब्द जिवंत आहे. जिथे जन्मला तिथे मात्र गेला.

स्टेपनीला मारलं कुणी?

मूळ स्टेपनीचं राज्य फार टिकलं नाही. १९०६ साली जून महिन्यात फ्रान्समध्ये ल माँ गावाजवळ पहिली ग्राँ प्री शर्यत झाली. दोन दिवस, एका फेरीचं अंतर शंभर किलोमीटरहून जास्त, उन्हाने रस्त्याचं डांबर वितळलेलं. नियम असा, की वाटेतली दुरुस्ती चालक आणि त्याच्या सोबतचा मेकॅनिक या दोघांनीच करायची. बऱ्याच गाड्यांच्या चमूंना टायर सुरीने कापून काढावा लागे आणि नवा चढवायला सुमारे पंधरा मिनिटं जात. फेरेन्ट्स सिस या मूळच्या हंगेरीच्या चालकाच्या रेनो गाडीला मिशेलिनची निघणारी रिम होती. नट सैल करा, टायरसकट रिम काढा, दुसरी लावा. चार मिनिटांच्या आत काम फत्ते. सिस बत्तीस मिनिटांच्या फरकाने जिंकला. मोटारीच्या वेगाइतकाच हा पान्ह्याचाही विजय होता.

पुढे रिमऐवजी अख्खं चाकच निघू लागलं. स्टेपनीचं चिमट्याचं कडं निरुपयोगी झालं. वस्तू गेली, पण आपण तिचं नाव तिच्या जागी आलेल्या वस्तूला देऊन टाकलं.

मग टायर सुधारत गेला. काजळीने चिवट झाला. १९४६ साली मिशेलिनने रेडियल टायरचं पेटंट घेतलं आणि १९४९ साली तो बाजारात आणला. अमेरिकेत गुडरिच कंपनीने १९४७ साली ट्यूबलेस टायर पुढे आणला, आणि १९५५ पर्यंत तिथल्या नव्या गाड्यांवर तोच बसू लागला. ट्यूबमध्ये खिळा घुसला की हवा एकदम जाते. ट्यूबलेसमध्ये खिळा स्वतःच बुचासारखा बसतो आणि हवा हळूहळू जाते. आपल्याकडे १९५८ साली इटलीतल्या तोरिनोची सिएट कंपनी मुंबईत आली. भांडुपचा तिचा कारखाना मुंबईकरांना चांगला माहीत आहे.

आणि इथेच माझ्या मते या इतिहासातली खरी मेख आहे. टायर जितका चांगला झाला, तितकं आपण त्याच्याकडे बघणं सोडलं. १९०५च्या ड्रायव्हरला आपला टायर बोटांनी ओळखता यायचा. आज वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्या कितीतरी जणांनी जॅक पिशवीतून बाहेरसुद्धा काढलेला नसतो.

सव्वीस पौंडांचा धडा

याची किंमत काय असते ते अमेरिकेने २००० साली पाहिलं. फोर्ड एक्स्प्लोरर ही उंच गाडी आणि तिला फायरस्टोनचे टायर. धावत्या गाडीत टायरचं वरचं आवरण सुटून यायचं आणि गाडी उलटायची. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने लाखो टायर परत मागवले. अडीचशेहून जास्त मृत्यू या प्रकरणाशी जोडले गेले. टायरमध्ये दोष होते, हे चौकशीत पुढे आलं. पण वाद हवेच्या दाबावरही झाला. फोर्डने या गाडीला २६ पौंड हवा सुचवली होती, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवी होती. दोन कंपन्यांचं जवळपास शंभर वर्षांचं नातं त्यात तुटलं. त्याच वर्षी तिथे नवा कायदा आला आणि त्यातून पुढे हवा कमी झाली की दिवा लावणारी यंत्रणा नव्या गाड्यांना सक्तीची झाली. तुमच्या डॅशबोर्डवरचं ते उद्गारचिन्हाचं पिवळं चित्र या अपघातांतून जन्मलंय.

चार पौंड हवेने असं काय होतं? हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि सरळ होते. तार सारखी वाकवली की गरम होते ना, तसंच. वेग वाढला की मिनिटाला शेकडो वेळा हे वाकणं. उष्णता आत साठते, रबर आणि आतले पोलादी पट्टे यांची पकड सुटते, आणि टायर फुटतो.

म्हणून एक गैरसमज आज इथेच मोडू. “उन्हाळा आहे, हवा दोन-चार पौंड कमीच ठेव.” पेट्रोल पंपावर हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. हे उलट आहे. गरम झाल्यावर दाब वाढणार हे टायर बनवणाऱ्याने आधीच धरलेलं असतं. कमी हवा म्हणजे जास्त वाकणं, म्हणजे जास्त उष्णता. गाडीच्या दाराच्या चौकटीवर कागद चिकटवलेला असतो, त्यावरचा आकडा पाळायचा. टायर थंड असताना मोजायचं. लांब प्रवासात टायर गरम झाल्यावर आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडायची नाही.

आपल्याकडे समृद्धी महामार्गाने हे सगळं घरापाशी आणून ठेवलं. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आल्या, तेव्हा टायर तपासूनच गाड्या आत सोडायच्या मोहिमाही झाल्या. काँक्रीटच्या रस्त्याला दोष द्यावा का, यावर पारापारावर चर्चा झाली. ती चालू द्या. पण गावातल्या खड्ड्यांतून चाळीसच्या वेगाने निभावून जाणारा गोटा झालेला टायर सलग दोन तास शंभर-एकशेवीसवर निभत नाही, हे मात्र खरं.

आता हात काळे करू

महिन्यातून एकदा आणि लांब प्रवासाआधी पाच मिनिटं द्या. चार टायर आणि पाचवी स्टेपनी. स्टेपनीची हवा बघायची राहून जाते, आणि वेळेला तीच बसलेली निघते. नक्षीच्या खाचांत छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. कायद्याने तिथे कारच्या टायरचं आयुष्य संपतं. बाजूच्या भिंतीवर फुगवटा किंवा चीर दिसली तर वाट बघू नका, बदला. भिंतीवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी छान आहे पण टायर दहा वर्षांचा आहे, तर ते रबर म्हातारं झालंय. जुनी गाडी घेताना हे आकडे जरूर वाचा.

चालत्या गाडीत टायर फुटलाच, तर ब्रेकवर उभे राहू नका. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, गाडी सरळ ठेवा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग उतरू द्या आणि मग डावीकडे घ्या.

पंक्चर झालंय असं कळलं तर आधी जागा शोधा. रिम खराब होईल म्हणून वाहत्या रस्त्याच्या कडेला थांबण्यापेक्षा हळूहळू पुढे जाऊन सपाट, कडक, मोकळ्या जागी थांबणं बरं. रिम परत मिळते. वळणावर, चढावर, मातीत नको. चारी दिवे लुकलुकते ठेवा, लाल त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवा. घरच्यांना खाली उतरवून डाव्या बाजूला, कठड्यापलीकडे उभं करा. एक्स्प्रेस-वेवर वाहतुकीकडचं चाक बसलं असेल, तर स्वतः बदलायला बसू नका. मदत वाहन बोलवा. आपली पाठ ट्रककडे करून बसण्याइतकं ते चाक मोलाचं नाही.

मग हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये, आणि समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्हीकडून दगड. चाक जमिनीला टेकलेलं असतानाच नट थोडे सैल करा, काढू नका. गाडी उचलल्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून घसरते, म्हणून हा क्रम. जॅक कुठे लावायचा याची खूण दाराखालच्या कडेला असते. दुसरीकडे लावला तर पत्रा वाकतो. गाडी उचलली की स्टेपनी आडवी करून गाडीखाली सरकवा, आणि चाक बदलताना तिच्या जागी काढलेलं चाक ठेवा. जॅक निसटलाच तर गाडी त्या चाकावर बसेल, तुमच्या हातावर नाही. अंग गाडीखाली घालायचं नाही, एक क्षणही नाही.

नवं चाक चढवून नट आधी हाताने फिरवा, मग समोरासमोरचे जोडीने थोडे आवळा. गाडी खाली उतरवा आणि जमिनीवर पूर्ण आवळा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पान्हा लावून बघा. स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा अरुंद असेल तर तिच्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली असते, बहुधा ताशी ८० किलोमीटर. ती पाळा. आणि पहिल्या दुकानात पंक्चर काढून घ्या. नाही तर पुढचं पंक्चर बिनस्टेपनीचं.

पाचवं चाक निघालं

आता शेवटची गोष्ट. २०२० साली आपल्या केंद्र सरकारने मोटार वाहन नियम बदलले. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचा संच गाडीत असेल, तर छोट्या प्रवासी गाड्यांना जास्तीचं चाक देणं आता बंधनकारक नाही. इलेक्ट्रिक गाड्यांना बॅटरीसाठी जागा हवी, वजनही वाचवायचंय. खिळ्याने पडलेल्या भोकाला तो संच पुरतो. भिंत फाटली असेल तर मात्र त्याचा उपयोग नाही, मदतीचीच वाट बघायची. नवी गाडी घेताना डिकी उघडून बघा, खाली काय आहे ते विचारा.

कदाचित आणखी वीस वर्षांनी डिकीत चाकच नसेल आणि शब्द तेवढा उरेल. लानेल्लीच्या त्या कड्याचं आधी असंच झालंय. ते होईल तेव्हा होवो. आज मात्र तुमच्या गाडीत स्टेपनी असेल, तर या रविवारी अंगणात, उजेडात, कुणी घाई करत नसताना एकदा चाक काढून परत लावून बघा. घरात नुकतंच लायसन्स मिळालेला मुलगा किंवा मुलगी असेल तर पान्हा त्यांच्या हातात द्या. लानेल्लीची गोष्टही सांगा. लायसन्सच्या परीक्षेत यातलं काही विचारत नाहीत.

भेटू पुढच्या भागात. तोवर जपून चालवा.